नैराश्य आणि चिंता : मनाच्या दोन आजारांची ओळख

अंग तापले तर घरातील कोणीही कपाळावर हात ठेवून ताप आहे की नाही ते सांगते. शंका उरलीच तर तापमापक निवाडा करतो. हाड मोडले तर क्ष-किरणांच्या साहाय्याने घेतलेले चित्र ती मोड डोळ्यांपुढे आणते. मनाच्या आजारांसाठी मात्र असा तापमापक अद्याप निघालेला नाही. त्यामुळे ज्याला हा आजार जडतो त्याला तो आपल्या स्वभावाचा दोष वाटतो, आणि त्याच्या जवळच्या माणसांना तो आळस, हट्ट अथवा भित्रेपणा वाटतो. आजाराला आजार न म्हणता दोष म्हणण्याची ही चूक दिसावयास लहान आहे. परंतु तिच्यापायी असंख्य माणसे उपचारावाचून वर्षानुवर्षे कुढत राहतात.

ही संख्या किती मोठी आहे याची कल्पना राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून येते. बेंगळुरू येथील निम्हान्स या संस्थेने भारत सरकारसाठी २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत हे सर्वेक्षण केले. त्यात असे आढळून आले की, दर वीस प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे एकीला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार झालेला असतो. नैराश्य, चिंताविकार यांसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या मनोविकारांनी पीडित असलेल्या शंभर व्यक्तींपैकी सुमारे ८५ जणांना योग्य उपचार मिळालेला नव्हता. हे आजार असाध्य आहेत म्हणून असे घडले काय? मुळीच नाही. बहुतेक रोग्यांना बरे वाटू शकेल असे उपाय आज उपलब्ध आहेत. डॉक्टरांची व दवाखान्यांची वाण हे या स्थितीचे एक कारण खरे. पण त्याच्याही आधीचे कारण हे की, आजार ओळखलाच जात नाही. म्हणून प्रथम त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

दुःख निराळे, आजार निराळा

दिल्लीतील जुने राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगर या वस्त्यांत लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारे हजारो विद्यार्थी राहतात. लातूर, नांदेड, सोलापूर यांसारख्या जिल्ह्यांतून आलेली मराठी मुलेमुलीही त्यांत असतात. अर्ज करणारे लाखांच्या संख्येने आणि जागा हजाराच्या आसपास. तेव्हा बहुसंख्यांच्या वाट्यास अपयश यावयाचे हे गणितानेच ठरलेले असते. अशा दोन विद्यार्थ्यांची कल्पना करावी. दोघेही एकाच वर्षी नापास झाले.

पहिला चार दिवस खोलीबाहेर पडला नाही. त्याला रडू आले, जेवण गोड लागेना. परंतु पाचव्या दिवशी मित्राने केलेल्या थट्टेवर तो हसला. धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा त्याला बरे वाटले. पंधरवड्याने त्याने पुढील वर्षाचा विचार सुरू केला. हे दुःख होय. ते कितीही तीव्र असले तरी त्याला भरती-ओहोटी असते, आणि सुखाची एखादी झुळूक आली तर मन तिला प्रतिसाद देते.

दुसऱ्याची स्थिती निराळी झाली. आठवडे लोटले तरी त्याच्या मनावरील मळभ हटेना. पहाटे तीन-चारलाच त्याला जाग येई आणि मग डोळा लागत नसे. आवडीचे गाणे त्याला नुसता आवाज वाटू लागले. एक पान वाचावयास तास लागे आणि शेवटी त्यातील काहीच ध्यानात राहत नसे. स्नान करणे, कपडे धुणे ही कामे डोंगराएवढी वाटू लागली. गावाहून आईचा फोन आला की तो "सगळे ठीक आहे, आई" एवढेच म्हणे आणि नंतर बराच वेळ भिंतीकडे पाहत बसे. परीक्षेत नापास झालो हा विचार मागे पडून, आपण माणूस म्हणूनच निकामी आहो, घरच्यांवर भार आहो, असे त्याला वाटू लागले. हे निव्वळ दुःख नव्हे. हा आजार आहे.

डॉक्टर नैराश्याचे निदान करतात ते अशाच खुणांवरून. सतत उदास वाटणे आणि कोणत्याही गोष्टीतील गोडी नाहीशी होणे या दोन मुख्य खुणा. त्यांच्या जोडीला झोप व भूक यांत बिघाड, वजनात बदल, सततचा थकवा, हालचाली व बोलणे मंदावणे किंवा उलट अस्वस्थ येरझारा, एकाग्रता न होणे, स्वतःविषयी विनाकारण अपराधी वाटणे आणि मरणाचे विचार या गोष्टी येतात. मुख्य दोहोंपैकी निदान एक धरून अशा पाच खुणा दोन आठवडे, जवळजवळ दररोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ दिसत असतील, आणि त्यांमुळे नित्याचे व्यवहार अडत असतील, तर डॉक्टरांकडे जावयास उशीर करू नये.

हा आजार काही विद्यार्थ्यांनाच होतो असे नव्हे. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते; बाळंतपणानंतरच्या काळात त्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. वृद्धांत तो विसराळूपणाच्या रूपाने येतो आणि वयाच्या नावाखाली दडून राहतो. शिवाय रोगी डॉक्टरांपुढे "मला उदास वाटते" असे क्वचितच म्हणतो. दिल्लीतील दवाखान्यात तो 'घबराहट', 'कमजोरी' किंवा 'बदनदर्द' सांगतो. मराठी माणूस जिवाला चैन नाही, छातीत धडधडते, अन्नावरची वासना उडाली असे म्हणतो. ही भाषा शरीराची असली तरी पुष्कळदा तिच्याआड मनाचे दुखणे असते. चरकसंहितेत रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला पहिले स्थान दिलेले आहे. तेव्हा मन व शरीर यांचा हा संबंध आपल्या परंपरेला अपरिचित होता असे म्हणता येणार नाही.

भित्रा चौकीदार

चिंता ही मुळात शत्रू नव्हे. परीक्षेची चिंता नसती तर अभ्यास झाला नसता, आणि वाहनांची धास्ती नसती तर रस्ता ओलांडणे कठीण झाले असते. संकट समोर आले असता शरीर लढावयास किंवा पळावयास कसे सिद्ध होते, याचा अभ्यास अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी केला आणि १९१५ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलीन हे द्रव्य रक्तात मिसळते; हृदय वेगाने चालू लागते; श्वास जलद होतो; स्नायूंकडे रक्त धावते; पचनाचे काम तात्पुरते थांबते, म्हणून तोंडाला कोरड पडते. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, धनुष्य हातातून गळू लागते, उभे राहवत नाही. तीव्र भयाने शरीराची जी अवस्था होते तिचे ते वर्णन आजच्या वैद्यालाही ओळखीचे वाटेल.

दिल्लीच्या पुष्कळ वसाहतींतून रात्री काठी आपटीत आणि शिट्टी वाजवीत चौकीदार फिरतो. चोर दिसला असता तो ओरडला तर वसाहतीचे रक्षण होते. परंतु मांजर दिसले, पान हलले, वारा सुटला, तरीही तो ओरडू लागला तर कोणाला झोप मिळावयाची नाही. चिंताविकारात नेमके हेच घडते. मेंदूत कानशिलांच्या आतील बाजूस बदामाच्या आकाराचे दोन पेशीसमूह आहेत. त्यांना अमिग्डाला असे म्हणतात. धोक्याची वर्दी देण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा असतो. ही वर्दी देणारी यंत्रणा गरजेपेक्षा हळवी झाली म्हणजे संकट नसतानाही शरीर संकटात असल्याप्रमाणे वागू लागते.

या विकाराचे अनेक प्रकार आहेत. काहींना सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष, घर, पैसा, प्रकृती, मुले यांपैकी कशाची ना कशाची काळजी पोखरीत राहते. काहींना चारचौघांत बोलण्याचे, खाण्याचे भय वाटते. काहींना अकस्मात भीतीचा झटका येतो : छाती धडधडते, श्वास कोंडतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि आता प्राण जाणार असे वाटते. असा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. तो कितीही भयंकर वाटला तरी स्वतः प्राण घेत नाही. मात्र छातीत प्रथमच दुखू लागले असेल तर तो हृदयाचा विकार नाही याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी. आपल्याच मनाने तर्क करू नये.

हा आजार वाढतो कसा, हेही समजून घेण्यासारखे आहे. समजा, एखाद्या गृहस्थाला राजीव चौक स्थानकाच्या गर्दीत असा झटका आला. दुसऱ्या दिवशी तो मेट्रोने न जाता बसने गेला, आणि त्याला हायसे वाटले. हे हायसे वाटणेच घातक ठरते. कारण त्यातून मेंदू असा धडा शिकतो की मेट्रो खरोखरच धोक्याची होती आणि ती टाळल्यामुळेच जीव वाचला. मग बस टाळली जाते, मग बाजार, आणि अखेरीस घराचा उंबरठा ओलांडणे अशक्य होते. टाळण्याने भीतीचे पोषण होते. उलट, थोड्या थोड्या प्रमाणात, कोणाच्या तरी सोबतीने त्या प्रसंगास सामोरे गेल्यास भीती आपोआप उतरते हा अनुभव मेंदूला मिळतो, आणि चौकीदार पुन्हा शहाणा होतो. चिंताविकारावरील मानसोपचाराचे हे एक मुख्य तत्त्व आहे.

नैराश्य आणि चिंता हे दोन आजार पुष्कळदा एकत्र येतात. चिंतेने थकलेले मन पुढे नैराश्यात बुडते, आणि नैराश्याने ग्रासलेल्या माणसास लहानसहान गोष्टींचीही धास्ती वाटू लागते.

करोल बागेतील मुळी

जुन्या राजेंद्रनगराला लागूनच करोल बाग आहे. तेथे आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेज उभे आहे. हकीम अजमल खान यांच्या प्रयत्नांनी ही संस्था उभी राहिली, आणि १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. देशी औषधींचा अभ्यास आधुनिक रसायनशास्त्राच्या पद्धतीने व्हावा अशी हकीमसाहेबांची इच्छा होती. जर्मनीतून शिकून आलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दिकी यांच्याकडे ते काम आले. सर्पगंधा नावाच्या झुडपाच्या मुळ्यांपासून त्यांनी १९३१ मध्ये काही शुद्ध द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतील एकास अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले.

सर्पगंधेचा उपयोग आपल्या देशात वेडावर फार पूर्वीपासून होत असे. १९३१ मध्येच कलकत्त्याचे वैद्य गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व रक्तदाब यांवरील तिच्या गुणांविषयी लेख लिहिला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले.

पुढे एक अनपेक्षित गोष्ट दिसून आली. रक्तदाबासाठी रेसर्पीन घेणाऱ्या काही रोग्यांना नैराश्य आल्याचे डॉक्टरांनी नोंदविले. अमेरिकेतील बर्नार्ड ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले की, रेसर्पीन दिल्याने प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याचा साठा घटतो. सेरोटोनिन हे एका मज्जापेशीचा निरोप दुसरीकडे पोहोचविणारे द्रव्य आहे. नॉरॲड्रिनॅलीन हे त्याच जातीचे दुसरे.

याच सुमारास दुसऱ्या टोकाकडूनही पुरावा मिळाला. न्यूयॉर्कमधील एका क्षयरोग रुग्णालयात १९५२ मध्ये इप्रोनियाझिड हे औषध दिले असता मरगळलेले रोगी उत्साही झालेले दिसले. हे औषध अशा निरोपी द्रव्यांचा नाश थोपविते असे आढळले. १९५७ मध्ये त्याचा नैराश्यावरील उपयोग जाहीर झाला, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील डॉ. रोलांड कून यांनी इमिप्रामीन या औषधाचे गुण प्रसिद्ध केले. नैराश्यावरील औषधांचे युग येथून सुरू झाले.

या हकीकतीचे महत्त्व एखाद्या औषधापुरते नाही. माणसाची उदासी वा उत्साह यांना शरीराचाही आधार असतो, आणि तो आधार डळमळला तर नुसत्या निश्चयाने सावरता येत नाही, ही गोष्ट तिने प्रयोगशाळेत दाखवून दिली. मधुमेह झालेल्या माणसास "निश्चय कर, म्हणजे साखर उतरेल" असे सांगणे जितके व्यर्थ, तितकेच नैराश्यग्रस्ताला "मन खंबीर कर" असे सांगणे व्यर्थ होय.

एका द्रव्याची गोष्ट नव्हे

तथापि या शोधांवरून फार घाईचा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका होता, आणि तसा तो काढलाही गेला. सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य, ते वाढविले की आनंद, असे सोपे समीकरण बराच काळ लोकप्रिय होते. आजचे शास्त्रज्ञ ते जसेच्या तसे मान्य करीत नाहीत. औषधाने त्या द्रव्याच्या व्यवहारात फरक पडतो तो काही तासांत. रोग्यास बरे वाटू लागते ते मात्र दोन ते सहा आठवड्यांनी. यावरूनच दिसते की मधल्या काळात मेंदूत आणखी काही संथ बदल घडत असले पाहिजेत.

कारणे अनेक असतात आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून असे दिसते की नैराश्याकडील कलात आनुवंशिकतेचा वाटा शेकडा ३५ ते ४० इतका असावा. म्हणजे उरलेला मोठा भाग जीवनातील परिस्थितीचा. बालपणी सोसलेला छळ, आप्तांचा वियोग, बेकारी, कर्ज, घरातील मारहाण, एकाकीपणा, दीर्घ आजार या गोष्टी मनाची तटबंदी खिळखिळी करतात. गाव सोडून दिल्ली, गुरुग्राम अथवा नोएडा येथे कामासाठी आलेल्या माणसास पगार मिळतो, पण संध्याकाळी विचारपूस करणारे कोणी नसते. ही उणीव लहान समजू नये. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे, पांडुरोग, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही नैराश्यासारखीच लक्षणे दिसतात. म्हणून डॉक्टर प्रथम रक्ताची तपासणी करावयास सांगतात. ही कारणपरंपरा पाहिली म्हणजे "तुझ्यापेक्षा वाईट स्थितीतील लोक हसतखेळत जगतात" हे वाक्य किती अन्यायाचे आहे ते ध्यानात येते.

उपचाराच्या दोन वाटा

पहिली वाट औषधांची. नैराश्यावर आज दिल्या जाणाऱ्या बहुतेक औषधांची सवय जडत नाही. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. आठवड्याभरात गुण दिसला नाही म्हणून ती सोडू नयेत, आणि बरे वाटू लागताच एकदम थांबवू नयेत. बरे वाटल्यानंतरही ती बहुधा सहा महिने किंवा अधिक काळ घ्यावी लागतात आणि पुढे हळूहळू कमी केली जातात. पूर्वी कधी अतिउत्साहाचे, कमी झोपेचे व बेसुमार खर्चाचे दिवस येऊन गेले असतील, तर ते डॉक्टरांस अवश्य सांगावे; कारण तो निराळा आजार असू शकतो व त्याचे औषध निराळे असते. चिंतेवर तात्काळ आराम देणाऱ्या झोपेच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची सवय जडते. म्हणून त्या थोड्या दिवसांपुरत्याच दिल्या जातात, आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तर त्या कधीच घेऊ नयेत.

दुसरी वाट संभाषणाची. अमेरिकेतील डॉ. एरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, नैराश्यग्रस्त माणसाचे विचार ठराविक चुकीच्या चाकोरीतून फिरत असतात. एका परीक्षेतील अपयशावरून तो सर्व आयुष्याचा निकाल लावतो. असे विचार कागदावर उतरवून, त्यांना पुरावा काय हे तपासण्याची सवय रोग्यास लावली जाते. दुसरी पद्धत याहूनही सोपी आहे. नैराश्यात माणूस कामे सोडतो. कामे सुटल्याने समाधानाचे क्षण आटतात. आणि ते आटल्याने नैराश्य वाढते. हे चक्र उलट फिरवावयाचे, म्हणजे उत्साह येण्याची वाट न पाहता लहान लहान कामे ठरवून करावयाची. उत्साह त्यांच्या मागून येतो.

अशा उपचारासाठी पदवीधर मानसतज्ज्ञच हवा काय? दिल्लीसारख्या राजधानीतही तज्ज्ञ अपुरे पडतात. मग खेड्यांची काय कथा? या प्रश्नाचे आशादायक उत्तर गोव्यातून आले. तेथील 'संगाथ' ही संस्था १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केली. तिने मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण दिले आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्यग्रस्तांशी सहा ते आठ बैठकींत बोलावयास लाविले. लहान कामांची आखणी हाच या बैठकींचा गाभा होता. ४९५ रोग्यांवरील या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ डॉक्टरांची नेहमीची सेवा मिळाली त्यांपैकी शेकडा ३९, तर ज्यांना हे संभाषणही लाभले त्यांपैकी शेकडा ६४ रोगी तीन महिन्यांनी आजारातून बाहेर पडलेले होते.

विदर्भातील अमरावती जिल्ह्यात तीस खेड्यांतून याच धर्तीचा 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविण्यात आला. तेथे नैराश्य असून मदत घेणाऱ्यांचे प्रमाण प्रारंभी शेकडा चारच्या आसपास होते. ते शेकडा २७ पर्यंत गेले. गावातीलच माणसाने आजाराचे नाव उघडपणे घेतले, की लोक पुढे येतात, हा या उपक्रमाचा धडा होय.

आजारासह रोजचे जिणे

सुमारे निम्म्या रोग्यांना नैराश्याचा आजार आयुष्यात पुन्हा एकदा तरी गाठतो. म्हणून बरे झाल्यावरही आपल्या आजाराची चाहूल कशी लागते हे प्रत्येकाने टिपून ठेवावे. कोणाची झोप प्रथम बिघडते, कोणी मित्रांचे फोन घेणे टाळू लागतो, कोणाची चिडचिड वाढते. ही चाहूल ओळखून वेळीच डॉक्टरांना भेटले तर पुढील त्रास पुष्कळ टळतो.

दिनक्रमाचा आधार मोठा असतो. रोज ठराविक वेळी उठावे, सकाळचा प्रकाश अंगावर घ्यावा आणि अर्धा तास चालावे. नियमित व्यायामाने सौम्य नैराश्य व चिंता कमी होतात असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. नोव्हेंबरात दिल्लीची हवा धुराने भरते तेव्हा बाहेर न जाता घरातच अंग हलवावे. पण खंड पडू देऊ नये. मद्याने क्षणभर विसर पडतो, परंतु पाठोपाठ झोप मोडते आणि उदासी वाढते. म्हणून ते वर्ज्य करावे. एका दिवसाला एकच लहान काम ठरवावे : आज कपाट आवरणे, उद्या मोठ्या भावास फोन करणे. आजाराच्या भरात नोकरी सोडणे, शिक्षण थांबविणे, संबंध तोडणे असे मोठे निर्णय शक्यतो घेऊ नयेत.

घरच्या माणसांचे कामही सोपे नसते. "एवढे काय झाले तुला?" हा प्रश्न विचारण्यापेक्षा शेजारी बसून ऐकून घेणे अधिक उपयोगाचे. ऐकताना लगेच उपदेश करू नये. दवाखान्यात जाण्याचा दिवस ठरवून सोबत जावे. रोग्यास एकट्याने ते धाडस होत नाही. त्याच्या बोलण्यात मरणाचा विषय डोकावत असेल, तर "जीव नकोसा वाटतो का? तसा काही विचार मनात येतो का?" असे स्पष्टपणे व मायेने विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट, बोलावयास वाट मिळाल्याने भार हलका होतो. उत्तर होय असे आले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी.

मदत कोठे मिळते

दिल्लीच्या शाहदरा भागात १९६६ मध्ये मनोरुग्णांसाठी रुग्णालय सुरू झाले. त्या काळच्या अशा रुग्णालयांकडे लोक तुरुंगाच्याच नजरेने पाहत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याचे रूपांतर होऊन १९९३ मध्ये 'इहबास' ही मानवी वर्तन व संलग्न शास्त्रांची संस्था तेथे कार्य करू लागली. आज तेथील बाह्यरुग्ण विभागात रोगी सकाळी येतात, तपासून घेतात आणि औषध घेऊन घरी परततात; बहुसंख्यांना दाखल व्हावेच लागत नाही. जामा मशिदीजवळ बेघरांसाठी रस्त्यावरच दवाखाना भरविण्याचा उपक्रमही या संस्थेने केला. याखेरीज अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, सफदरजंग आणि राम मनोहर लोहिया या सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशात कोठूनही, अहोरात्र व विनामूल्य लावता येतो. अनेक भारतीय भाषांतून तेथे बोलण्याची सोय आहे.

कायद्याची दृष्टीही पालटली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला व २९ मे २०१८ पासून अमलात आला. मानसिक आरोग्याची सेवा मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला, आणि जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानून तिला शिक्षेऐवजी उपचार मिळावा अशी तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नास सरसकट गुन्हा ठरविणारे जुने कलम उरलेले नाही. म्हणजे आजारी माणसास अपराधी मानण्याची चूक कायद्याने सुधारली. ती घराघरांतून सुधारली जाणे अद्याप बाकी आहे.

प्रारंभी म्हटल्याप्रमाणे मनाच्या आजारास तापमापक नाही. पण कपाळावर ठेवलेला हात तर आहे! "गेले पंधरा दिवस तुला नीट झोप नाही, जेवणही जात नाही. चल, उद्या आपण दोघे दवाखान्यात जाऊ," असे म्हणणारा एखादा मित्र, बहीण, शिक्षक किंवा खोलीतील सोबती हा तो हात होय. राजेंद्रनगरातील त्या दुसऱ्या विद्यार्थ्यास पुस्तके, बुद्धी व जिद्द यांपैकी कशाचीच वाण नव्हती. त्याला हवे होते ते कोणीतरी त्याच्या आजाराला आजार म्हणणे. एवढे झाले तर पुढील वाट शास्त्राने पुष्कळ अंशी बांधून ठेवलेली आहे.